गुलाबचा दम

गुलाबचा दम तुटला होता की नव्हता, यावरून आमच्यात एकोणचाळीस वर्षं भांडण चाललं. त्यातली सदतीस वर्षं आम्ही नवरा-बायको होतो. पहिली दोन वर्षं नुसतेच भांडत होतो.

मी हरेश्वर घरत. अलिबागजवळच्या एका खत कारखान्यात फिटर होतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच. गुलाब मोकल खारेपाटातल्या सागरकन्या संघात चढाई करायची. हा संघ १९८४ पासून ओळीने सहा वर्षं राज्यात पहिला आला होता. सगळ्या मुली भाताच्या खाचरांत नाहीतर मिठागरांत काम करणाऱ्या. अनवाणी खेळायच्या, मातीत. सातव्या वर्षी, १९९० साली, पेणच्या मैदानावर अंतिम सामना होता. गुण सारखे होते आणि शेवटची चढाई गुलाबची. ती दोघींना शिवून परत फिरली, तेवढ्यात तिघींनी मिळून तिला पाडलं. पालथी पडली. तोंड मातीत, हात मध्यरेषेकडे.

चढाई करताना एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहावं लागतं. त्याला आम्ही दम म्हणतो. हल्ली चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लावतात, तेव्हा ते नव्हतं. जेवढा दम तेवढी चढाई. दम तुटला की बाद. मी रेषेवर उभा होतो आणि मला ‘कबड्डी’ ऐकू येईना. मी शिट्टी मारली. त्यानंतर तिची बोटं रेषेला लागली.

सागरकन्या एका गुणाने हरली.

दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी सुटली तेव्हा ती कारखान्याच्या गेटवर उभी होती.

“पंचसाहेब, माझा दम तुटला नव्हता.”

“मला ऐकू आला नाही.”

“म्हणजे तुमचे कान तुटलेत.”

वॉचमन हसला. ती मान ताठ ठेवून एसटी स्टँडकडे गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, तेच बोलून गेली. तिसऱ्या महिन्यात ती आली नाही, तेव्हा मी पाळी सुटल्यावर अर्धा तास गेटवर थांबलो होतो. पुढचं सांगायला नको.

लग्नानंतर कुठलाही विषय शेवटी तिथेच यायचा. मी म्हणायचो, “कालवणात मीठ कमी आहे.” ती म्हणायची, “कानांचं माहीत होतं, जीभ पण गेली का?”

एक गोष्ट मात्र मी तिच्यापासून लपवली. पेणच्या ज्या माणसाने त्या सामन्याचं शूटिंग केलं होतं, त्याने १९९३ मध्ये दुकान बंद केलं आणि कॅसेट मला आणून दिली. गुलाबने विचारलं तेव्हा मी सांगितलं, बुरशी लागलीय, चालत नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली. मी स्वतःसुद्धा ती कधी लावून पाहिली नाही. मी बरोबर निघालो असतो तर ती हरली असती, आणि चूक निघालो असतो तर तिचं सातवं वर्ष मी खाल्लं होतं हे कायमचं ठरलं असतं. मला दोन्ही नको होतं.

पुढे तिला फुप्फुसं आखडत जाण्याचा आजार झाला. गुलाबला, जिचा दम सगळ्या जिल्ह्याला माहीत होता. दवाखान्यात तिला तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. ती त्याला ‘चढाई’ म्हणायची. शेवटी एकच गोळी उठायची, तीही अर्धीच. एका दुपारी तिने नाकावरची नळी बाजूला केली आणि म्हणाली, “आता तरी सांगा. तुटला होता?”

मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. कुणाचं काय जाणार होतं? पण पंच निर्णय फिरवत नाही, ही एवढी एकच गोष्ट मी आयुष्यभर सांभाळली होती. मी म्हटलं, “तुटला होता.”

ती हसली. म्हणाली, “दम धरा, पंचसाहेब. कळेल.”

चार दिवसांनी ती गेली. २०२९ चा फेब्रुवारी होता. त्यानंतर जेवायला बसलो की मला माझं ते उत्तर आठवायचं आणि घास पुढे जायचा नाही.

*

दोन वर्षांनी पारूताई आली. पार्वती म्हात्रे, सागरकन्याची कप्तान. अडुसष्ट वर्षांची, गुडघे दोन्ही बदललेले, आवाज तोच. तिच्याबरोबर तिशीची एक मुलगी होती, नेत्रा सामंत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करते म्हणाली.

“हाच तो,” पारूताईने तिला माझी ओळख करून दिली. “शिट्टीवाला.”

“बस, ताई,” मी म्हटलं.

“बसायला नाय आयलो. बसले तर उठवायला दोन मानसं लागतात.” तरी ती बसली.

नेत्राने सांगायला सुरुवात केली. हिंजवडीच्या वाघिणी संघाने महिलांची लीग ओळीने तीन वर्षं जिंकली होती. आजवरचा सगळ्यात भारी संघ कोणता, यावर सगळीकडे वाद चालला होता. म्हातारे सागरकन्या म्हणायचे, तरुण वाघिणी म्हणायचे.

“काका, आम्ही म्हटलं, वाद कशाला? खेळवूनच बघू. एकोणनव्वदची सागरकन्या विरुद्ध आजच्या वाघिणी. युगसामना.”

“त्यात बघायचं काय?” पारूताई म्हणाली. “गादीवर बूट घालून खेळनाऱ्या पोरी त्या.”

“आजी, त्यांच्या मांड्या बघितल्यात का? मोजून मापून प्रथिनं खातात.”

“आम्ही जवला खायचो. मोजत नव्हतो.”

मी विचारलं, हे खेळवणार कसं? नेत्राने टेबलावरच्या माझ्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकृती काढून समजावलं. जुन्या चित्रीकरणातून यंत्र आधी माणसाचं माप काढतं. मैदानाची लांबी-रुंदी ठरलेली असते, म्हणून त्यावरून उंची काढता येते. पाय मातीत किती रुततो त्यावरून वजन. वळताना कुठला गुडघा आधी वाकतो, पकडीत कुणाचा हात किती वेळात सुटतो, त्यावरून ताकद आणि सवयी. अशी पाच-सहा चित्रीकरणं मिळाली की यंत्रात त्या माणसासारखंच वागणारं एक शरीर तयार होतं. मग दोन संघ समोरासमोर सोडायचे. ते काय करतील हे आधी कुणीच लिहून ठेवत नाही. शरीरं आपापल्या सवयीने खेळतात. सराव म्हणून यंत्र हजारो सामने आतल्या आत खेळून बघतं, पण लोकांसमोरचा सामना एकदाच होतो आणि तो कसा जाईल हे यंत्रालाही ठाऊक नसतं.

“आणि दम?” मी विचारलं.

“तोच तर प्रश्न आहे, काका. दम आवाजावरून काढतो. ‘कबड्डी’ म्हणताना दर वेळी थोडी हवा बाहेर जाते. किती जोराने, किती वेळा, आणि शेवटाकडे आवाज कसा बारीक होतो, हे मोजलं की छातीत हवा किती होती ते कळतं. बाकीच्यांचं मिळालं. गुलाबताईंची दृश्यं आहेत, पण मुकी. आवाज कुठेच नाही. आवाज नसेल तर आम्ही त्या जागी सरासरी घालतो. एकोणीस सेकंद.”

“एकोनीस!” पारूताई खुर्चीतून अर्धी उठली. “गुलाब? सरासरी? अगो, ती दमात आमच्या सगल्यांची नावं घेऊन यायची!”

“म्हणून आलोय, आजी. पेणच्या अंतिम सामन्याचं शूटिंग झालं होतं म्हणतात.”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

“खराब झाली ती,” मी म्हटलं. “बुरशी लागली.”

जाताना पारूताई दारात थांबून म्हणाली, “हरेश्वर, तू तिला बाद दिलास ते मी इसरन. पन तिला सरासरी खेलवलीस तर नाय इसरायची.”

त्या गेल्यावर मी शिडी लावली.

डबा जिथे ठेवला होता तिथेच होता. झाकण मात्र सहज उघडलं. अडतीस वर्षं पडून असलेलं झाकण तसं उघडत नाही, हे फिटरला कुणी सांगावं लागत नाही. आत कॅसेट एका निळ्या कापडात गुंडाळलेली होती. कापड म्हणजे गुलाबच्या जुन्या जर्सीचा तुकडा, चार नंबरचा. मी कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळली होती. आणि कापडाच्या घडीत ‘खाऊ नका’ असं छापलेल्या पांढऱ्या पुड्या होत्या, अकरा. औषधांच्या बाटल्यांत ओल धरू नये म्हणून घालतात त्या. तिच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या बाटल्यांतल्या.

मी शिडीवरच बसून राहिलो. म्हणजे तिला माहीत होतं. कॅसेट माझ्याकडे आहे, बुरशीबिरशी काही नाही, हे माहीत होतं. घरात ती लावायचं यंत्रच नव्हतं, म्हणजे तिनेही ती लावून पाहिली नसणार. माझ्याशी त्यावरून भांडली नाही. नुसती जपली. धाप लागत असताना शिडी चढून पुड्या ठेवल्या. आणि मला म्हणाली, दम धरा, कळेल.

खाली उतरून मी नेत्राला फोन केला.

*

पुण्याला मी स्वतः कॅसेट घेऊन गेलो. एसटीत मांडीवर डबा धरून बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, फराळाचं आहे का. मी हो म्हटलं.

फीत स्वच्छ निघाली. नेत्राच्या खोलीत पडद्यावर पेणचं मैदान आलं, धुळकट, आणि एका कडेला पांढऱ्या कपड्यांत मी. सत्तावीस वर्षांचा. डोक्यावर केस होते. गुलाबचा चेहरा नीट दिसत नव्हता. वेणी दिसत होती, दुपदरी, लाल रिबिनीने वर बांधलेली.

नेत्रा म्हणाली, “काका, यंत्राला चेहरा घालता येईल. तुमची परवानगी लागेल.”

“चेहरा नको,” मी म्हटलं. “तो मला पाठ आहे.”

यंत्राने आवाज वेगळा केला. गर्दी बाजूला, समालोचक बाजूला, आणि मध्ये तिचं ‘कबड्डी, कबड्डी’. पडद्यावर त्याची आडवी रेघ उमटत होती, दर शब्दाला एक टोक. सव्वीस टोकदार सेकंद. मग ती पडली, आणि टोकं थांबली. त्यानंतर जवळजवळ अडीच सेकंदांनी माझी शिट्टी.

नेत्रा माझ्याकडे वळली. “सव्वीस सेकंद. इथे दम संपला. काका, तुम्ही बरोबर होता.”

एक्केचाळीस वर्षं हे ऐकायची भीती होती आणि आशाही होती. ऐकल्यावर काहीच वाटलं नाही. म्हणजे वाईट वाटलं. ती शिडी चढून पुड्या ठेवत होती ते यासाठी?

“अजून एकदा लाव,” मी म्हटलं.

तिने लावलं. मी आवाजाकडे लक्ष दिलं नाही. रेघेकडे बघत राहिलो. मी आयुष्यभर पंपांच्या खोलीत काम केलंय. तिथे आठ पंप एकदम चालतात, आणि त्यातला एक बिघडला तर काटा बघून ओळखावं लागतं. काटा शून्यावर आला म्हणजे पंप बंद. काटा थरथरत राहिला म्हणजे पंप चालू आहे, नुसतं पाणी वर येत नाही.

“टोकं थांबल्यावर रेघ खाली का नाही गेली?”

“ती गर्दी आहे, काका. यंत्राला ‘कबड्डी’तला ‘ब’ शिकवलाय. ओठ मिटून उघडले की ‘फट्’ असा आवाज येतो, तो मोजतं. ‘ब’ आला नाही तर बाकीचं सगळं ते गर्दीत टाकतं.”

“गर्दी कशीही वर-खाली होते. हे बघ, इथे सारख्या अंतराने होतंय. पंपासारखं.”

ती पुढे वाकली. तिने तो तुकडा गर्दीतून काढून घेतला, बाकीचं पुसत पुसत आवाज वाढवला. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून, तोंडात माती गेलेल्या माणसाचा, घोगरा, पण एकसारखा आवाज.

हुतुतुतुतुतुतुतु.

“हे काय आहे?” नेत्राने विचारलं.

मी आधी पाणी मागून प्यालो.

“हुतुतू,” मी म्हटलं. “कबड्डीचं आमच्याकडचं जुनं नाव. आधी दमही तोच घालायचे. तिचा बाप, भिवा मोकल, मिठागराच्या बांधावर तिला शिकवायचा. तेव्हा तिला कबड्डी हा शब्दही माहीत नव्हता.”

नेत्राने दोन बोटं स्वतःच्या ओठांवर दाबून धरली आणि ‘कबड्डी’ म्हणून बघितलं. नाही जमलं. मग ‘हुतुतू’ म्हणाली. जमलं, जरा घोगरं.

“काका, तोंड मातीत दाबलेलं होतं. ओठ मिटून उघडायला जागाच नव्हती. ‘ब’ येणारच नाही. ‘त’ जिभेने आत होतो, तो येतो. त्यांनी ठरवून नसेल केलं. छाती दाबलेली, तोंड बंद, अशा वेळी शरीर लहानपणी शिकलेलं तेच काढतं.” तिने फीत पुढे नेली. “आणि हे ऐका. शिट्टी झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. रेषेला बोटं लागली, त्यानंतरही दोनदा. एवढं झाल्यावर छातीत अजून दहा सेकंदांची हवा शिल्लक होती.”

तुटला नव्हता.

मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. बाद नव्हती ती. चूक माझी होती, आणि दवाखान्यात मी तिला खोटं सांगितलं होतं. मग डोक्यातला पंच जागा झाला. नियमाचं पुस्तक मला पानासकट पाठ होतं.

“थांब,” मी म्हटलं. “दम तुटला तर चढाई करणारी बाद आणि समोरच्या संघाला एक गुण. पण दम चालू असेल आणि शब्द ‘कबड्डी’ नसेल, तर ती बाद होत नाही. पंच तिला परत बोलावतो. चढाई रद्द आणि समोरच्या संघाला एक गुण.”

“म्हणजे?”

“म्हणजे गुण तोच. निकाल तोच. शिट्टी बरोबर होती. कारण चुकलं.” मी हसत होतो की काय, मला कळत नव्हतं; नेत्रा मात्र जरा घाबरली होती. “ती म्हणत होती दम तुटला नव्हता. नव्हता तुटला. मी म्हणत होतो कबड्डी ऐकू आलं नाही. आलंच नाही. पोरी, आम्ही दोघंही बरोबर होतो.”

“एकोणचाळीस वर्षं?”

“रोज.”

पारूताईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तिनाच आमचा सातवा वरीस घालवला?” ती म्हणाली.

“तसं म्हण.”

“आनि मी तुला शिव्या घातल्या ते?”

“ते तुझ्याकडे जमा असू दे.”

“मेल्या,” ती म्हणाली. मग म्हणाली, “भिवादादाची पोर ती. हुतुतूच म्हननार.” आणि फोन ठेवला.

*

युगसामना मार्चमध्ये अलिबागला झाला. पंच माणूसच हवा असं नेत्राचं म्हणणं होतं. यंत्र खेळवेल, पण यंत्राची शिट्टी लोक मानत नाहीत. माझं नाव पारूताईने सुचवलं. मी म्हटलं, नवरा कसा पंच होईल? ती सगळ्यांसमोर म्हणाली, “ह्याना एकदा तिच्यावर शिट्टी मारलेली हाय. हा काय झुकतं माप देनार!” वाघिणींच्या लोकांनाही ते पटलं.

पहिला डाव जुन्या नियमांचा. माती, घड्याळ नाही. मैदानावर प्रकाशाची चौदा माणसं उभी राहिली, बिनचेहऱ्याची, पण चालीवरून ओळखू येणारी. पारूताई स्वतःकडे बघून ओरडली, “गुडघा बघ माझा कसा वाकतोय!” गुलाब पहिल्या चढाईला गेली तेव्हा तिचा आवाज सगळ्या भोंग्यांतून आला, आणि ती जिथे होती तिथल्या जमिनीखालच्या छोट्या भोंग्यातूनही. मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो. वाटलं होतं तेवढं कठीण गेलं नाही. अडतीस सेकंद ती तिकडे राहिली. वाघिणींना एवढा वेळ कुणाला तोंड द्यायची सवयच नव्हती. मागे मागे जाऊन त्या थकल्या. सागरकन्या नऊ गुणांनी पुढे.

दुसरा डाव आजच्या नियमांचा, मॅटवर, तीस सेकंदांत. आता वाघिणींनी दाखवलं त्या कोण आहेत. बूट मॅटला धरत होते, अनवाणी पाय घसरत होते. त्यांची डाव्या कोपऱ्यातली मुलगी घोटा पकडायची ती विजेसारखी. पारूताईसुद्धा हळूच म्हणाली, “चांगली हाय गो.” नऊ गुण फिटत आले. शेवटच्या चढाईला सागरकन्या एका गुणाने पुढे होती, आणि चढाई गुलाबची.

नुसता वेळ काढून परत आली असती तरी जिंकल्या असत्या. पण गुलाबला वेळ काढता येत नसे. यंत्राने तिच्या सवयी बरोबर उचलल्या होत्या. ती आत घुसली, एकीला शिवली, वळली, आणि डाव्या कोपऱ्याने तिचा घोटा धरला. मग दुसरी पाठीवर. मग तिसरी. ती पालथी पडली. तोंड मॅटवर दाबलेलं. हात माझ्याकडे.

कबड्डी थांबलं.

स्टेडियममध्ये कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, एवढी ओरड होती. मी रेषेवर वाकलो. गुडघे टेकले. कान तिच्याजवळ नेला. आणि मला ऐकू आलं.

हुतुतुतुतुतु.

पेणला मी वाकलो नव्हतो. ताठ उभा राहून ऐकलं होतं. तेवढंच चुकलं होतं.

तिची बोटं रेषेपासून वीतभर होती. सोडून दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. नेत्रा सोडून. आणि गुलाब सोडून.

मी शिट्टी मारली.

उभा राहिलो. ध्वनिक्षेपक माझ्या शर्टाला लावलेला होता. मी मोठ्याने, एकेक शब्द तोडून सांगितलं, “दम तुटलेला नाही. चढाईपटू बाद नाही. शब्द चुकला, म्हणून परत बोलावतो. वाघिणींना एक गुण.”

सामना बरोबरीत सुटला. आधी वाघिणींच्या लोकांनी माझ्या नावाने बोंब मारली, मग सागरकन्याच्या. पारूताईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. “मेल्या हरेश्वर! परत!” दोन्ही युगांच्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की पंच गाढव आहे.

मला एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

प्रकाशाची गुलाब उठली. पेणच्या फितीत तिने उठून छातीवरची माती झटकली होती, तशीच तिने झटकली. मॅटवर माती कुठली? पण तिने झटकली, वेणी पाठीवर टाकली आणि आपल्या बाजूला निघून गेली. मग दिवे लागले आणि मैदान रिकामं झालं.

नेत्रा धावत आली. “काका, सोडलं असतं तर जिंकल्या असत्या की!”

“मग ती उद्या सकाळी गेटवर आली असती,” मी म्हटलं. “म्हणाली असती, माझा शब्द चुकला होता, तुम्हाला ऐकू कसा नाही आला.”

पारूताईला तिच्या घरी सोडायला रिक्षा केली. अर्ध्या वाटेपर्यंत ती फुगून बसली होती. मग म्हणाली, “आता घरी जाऊन कोनाशी भांडशील? मिटला ना तुमचा.”

“मीठ आहे की अजून.”

ती आधी कळलं नाही अशी बघत राहिली, आणि मग गुडघे धरून हसली. रिक्षावाला मागे वळून बघायला लागला.

घरी येऊन कॅसेट निळ्या कापडात गुंडाळली, पुड्या होत्या तशा ठेवल्या, डबा माळ्यावर नाही, खाली कपाटात ठेवला. सकाळचं सुकटीचं कालवण गरम करून जेवायला बसलो. मीच केलेलं होतं. मीठ कमी होतं. सांगायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मी ते तसंच खाल्लं, आणि दुसऱ्यांदा भात घेतला.